कुणी न छेडलेला गंधार

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची. गंधाराची तार एकही नाही. तरीही तंबोरा सुरेल मिळाला की थोड्याच वेळात त्यातून गंधार बोलू लागतो, आणि तोही इतका स्पष्ट की गाणाऱ्याने आपला गंधार त्यावर निःशंक ठेवावा. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा श्रद्धेचा किंवा भासाचा भाग नाही. तो स्वर हवेत खरोखर असतो, यंत्राने मोजताही येतो.

तो येतो खर्जातून. ताणलेली तार छेडली की ती सबंध लांबीने तर हलतेच, पण त्याच क्षणी दोन, तीन, चार, पाच भागांतही थरथरत असते. खर्ज सेकंदाला ७० कंपनांचा धरा. त्याच तारेत १४०, २१०, २८०, ३५० अशीही कंपने चालू असतात. १४० आणि २८० हे वरचे षड्ज, २१० हा पंचम. आणि ३५०? २८०ची सव्वापट. षड्जाची सव्वापट म्हणजे शुद्ध गंधार! एका पितळी तारेत हे सगळे कुटुंब एकत्र नांदते.

असे स्वरांश गिटारच्या तारेतही असतात, पण तिथले वरचे अंश लवकर विझतात. तंबोऱ्यात ते तगतात, कारण त्याची घोडी. गिटारची तार एका अरुंद धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला नजरेला जेमतेम जाणवेल इतका बाक असतो. तार खाली येताना त्या बाकावर टेकत जाते, वर जाताना सुटत जाते. म्हणजे तिची मोकळी लांबी दर कंपनात किंचित बदलते. प्रत्येक स्पर्शासरशी खालच्या कंपनातली थोडी ऊर्जा वरच्या कंपनांना मिळते, आणि विझू पाहणारे स्वरांश पुन्हा जागे होतात.

हीच ती जवारी. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे घडत आले आहेत. तिथला कारागीर घोडीचा माथा कानशीने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतो. धागा चुकीच्या जागी असेल तर तार मुकी वाटते. तोच केसभर पुढेमागे केला की एका जागी आवाज अचानक उघडतो. मला या कामाचे फार अप्रूप वाटते. समीकरणांना जड जाणारा हा बाक कानांनी कधीच गाठलेला होता.

भौतिकशास्त्राच्या बाजूने त्याकडे बारकाईने पाहिले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, कोलकात्यात. थॉमस यंग यांचा जुना नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडाल तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असेल, तो स्वरांश उमटणार नाही. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा अंश गप्प राहायला हवा. १९२१ साली रामन यांनी दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. गप्प राहायला हवेत तेच अंश खणखणीत ऐकू येतात. यंग चुकले नव्हते. त्यांचा हिशेब टोके पक्की बांधलेल्या तारेचा, आणि इथे तर एक टोक दर कंपनात घोडीवर पुढेमागे सरकते. रामन यांना १९३० साली नोबेल मिळाले ते प्रकाशावरच्या कामासाठी. पण वाद्यांवरचे त्यांचे हे काम मराठी घरांत, जिथे तंबोरा कोपऱ्यात उभा असतो, अधिक माहीत असायला हवे.

घरी तंबोरा असेल तर खर्जाची तार एकटीच छेडा आणि कान वरच्या सुरांकडे ठेवा. आधी उंच अंश झळकतील, मग जोर हळूहळू खालच्या अंशांकडे उतरत येईल. गंधार सापडत नसेल, तर घोडीपासून तारेच्या एक पंचमांश लांबीवर बोट अलगद टेकवा, तार छेडा आणि बोट लगेच उचला. बाकीचे बहुतेक अंश गळून पडतील आणि गंधार एकटा वाजेल. मग बोट न लावता तार पुन्हा छेडा. आता तो लगेच ओळखू येतो.