वहनशुल्काचे गणित आणि मराठवाडा

छत्रपती संभाजीनगरातून मराठवाड्याच्या बातम्या देणारी वाहिनी उद्या निघाली, तर तिला वार्ताहरांच्या वेतनाइतकीच चिंता वहनशुल्काची, म्हणजे कॅरेज फीची, करावी लागेल. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने स्थानिक केंद्र केबल कंपनीकडे मोबदला मागू शकते. आपल्याकडे गंगा उलटी वाहते. दाखवले जावे म्हणून वाहिनीच वितरकाला पैसे मोजते. दूरदर्शनच्या अधिसूचित वाहिन्यांना १९९५ च्या केबल कायद्याचे कवच आहे, बड्या मनोरंजन वाहिन्यांना लोकप्रियतेचे. उघड्यावर राहते ती लहान वाहिनी.

‘ट्राय’ने २०१७ मध्ये साध्या वाहिनीच्या शुल्कावर वर्गणीदारामागे दरमहा २० पैशांची मर्यादा घातली, वितरकाच्या क्षेत्रातील २० टक्के वर्गणीदारांनी वाहिनी घेतल्यास शुल्क माफ. मात्र हे क्षेत्र ठरवणार वितरकच! २०२० च्या दुरुस्तीने केबलपुरते ते राज्याच्या सीमेत आणले. सुधारणा खरी, पण अपुरी. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांपैकी मराठवाड्याचे ८. बीड-परभणीच्या टँकरची बातमी देणारी वाहिनी ठाण्याच्या वर्गणीदाराने का घ्यावी? टक्केवारीच्या हिशेबात मात्र तोही धरला जाऊ शकतो. कमी शुल्क घेण्याची मुभा २०२४ मध्ये वितरकांना मिळाली. पण ती त्यांच्या मर्जीची गोष्ट झाली. प्रादेशिक वृत्तवाहिनीपुरते हे क्षेत्र महसूल विभागाएवढेच धरण्यास ‘ट्राय’ची हरकत का असावी?