नळ गोठतो तेव्हा

श्रीनगरमध्ये २१ डिसेंबरला ‘चिल्ला-ए-कलान’ सुरू होतो. कडाक्याच्या थंडीचे हे ४० दिवस. २०२४ मध्ये पहिल्याच दिवशी पारा उणे ८.५ अंशांवर उतरला होता.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो, पाइप तडकतो. चीर मात्र बर्फ वितळून भिंत ओली झाल्यावरच कळते!

उपाय साधे आहेत. उघड्या पाइपांना गोणपाट गुंडाळायचं. बाहेरगावी जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करायचे. गोठलेल्या पाइपाखाली जाळ करणं घातकच. नळ उघडा ठेवून कोमट पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळावीत, सुरुवात नळाकडून.

जानेवारीत तिथे मुक्काम केलात, तर रात्री मुद्दाम ठिबकत ठेवलेला नळ कृपया घट्ट बंद करू नका.