इंटरनेट बंद? आधी नेटवर्क ॲडाप्टर तपासा

अकरावी प्रवेशाचा अर्ज भरण्याची मुदत संध्याकाळी संपणार आहे आणि नेमके त्याच दुपारी घरच्या संगणकावरील इंटरनेट बंद पडले, तर काय करावे? २०२५ पासून अकरावीची प्रवेशप्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झाल्याने हा प्रश्न आता महानगरांपुरता उरलेला नाही. जामखेडसारख्या तालुक्याच्या गावातील कुटुंबालाही तो भेडसावू शकतो. अशा वेळी अनेक जण संगणक उचलून थेट दुरुस्तीच्या दुकानात नेतात. वास्तविक कित्येकदा काहीच बिघडलेले नसते. संगणकातील नेटवर्क ॲडाप्टर तेवढा 'डिसेबल', म्हणजे निष्क्रिय झालेला असतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन साध्या आजारांवर गावातच उपचार होतील, अशी व्यवस्था उभारली. गंभीर रुग्णच रुग्णालयात पाठवायचा, हे त्यामागील सूत्र होते. घरच्या संगणकालाही ते लागू पडते.

नेटवर्क ॲडाप्टर हा संगणकाला केबलद्वारे किंवा वाय-फायद्वारे जाळ्याशी जोडणारा भाग होय. प्रथम मोबाइलचा डेटा बंद करून तो घरच्या वाय-फायला जोडून पाहावा. मोबाइलवर इंटरनेट चालत असेल, तर दोष बहुधा संगणकात आहे, असे समजावे. लॅपटॉप असल्यास 'एअरप्लेन मोड' चुकून सुरू झालेला नाही ना, हेही पाहावे.

त्यानंतर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि 'आर' ही कळ एकत्र दाबावी. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत 'एनसीपीए.सीपीएल' असे टाइप करून एंटर द्यावे. येथे संगणकातील सर्व जोडण्या दिसतात. निष्क्रिय जोडणीचे चिन्ह करड्या रंगाचे असते. त्यावर माउसचे उजवे बटण दाबून 'एनेबल' निवडावे. याच यादीत 'डिसेबल' हाही पर्याय येत असल्याने मुळात चूक होते ती बहुधा इथेच. संगणकाने ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितल्यास तो ठाऊक असणे आवश्यक आहे.

जोडणी तेथे दिसतच नसेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क ॲडाप्टर्स' हा विभाग पाहावा. नावाजवळ खाली वळलेला बाण असेल, तर ॲडाप्टर निष्क्रिय आहे. 'एनेबल डिव्हाइस' म्हटले की तो सुरू होतो. 'कोड २२' या संदेशाचा अर्थही हाच. पिवळा त्रिकोण मात्र वेगळा. बहुधा तो ड्रायव्हरमधील दोष दर्शवतो. असा ड्रायव्हर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

ॲडाप्टर सुरू असूनही इंटरनेट नसेल, तर 'कमांड प्रॉम्प्ट'मध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास राउटरकडून संगणकाला पत्ता मिळालेला नाही, असे समजावे. राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा व केबल तपासावी. 'नेटवर्क रीसेट' हा उपाय अगदी शेवटी योजावा. त्यामुळे साठवलेले वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत.

मुदत अगदी तोंडावर असेल, तर मात्र दुरुस्तीच्या मागे लागू नये. मोबाइल यूएसबी केबलने संगणकाला जोडून त्यातील 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. संगणकाला मोबाइल हाच नवा ॲडाप्टर म्हणून मिळतो आणि जुना निष्क्रिय असला तरी काम अडत नाही. आधी अर्ज भरावा, त्याची पावती जपून ठेवावी आणि मग ॲडाप्टरकडे सवडीने पाहावे.