बुलढाण्यात समुद्रपक्षी

लोणार सरोवराच्या काठावरून सरळ पश्चिमेला निघालात तर समुद्र सुमारे ४०० किलोमीटरवर. मग या जिल्ह्यात समुद्रपक्षी शोधायचा कशाला? कारण तपकिरी डोक्याचा कुरव.

थंडीत मुंबईच्या किनाऱ्यावर थव्याने दिसणाऱ्या या कुरवाची वीण लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर होते. म्हणजे किनारा गाठायचा तर अर्धा देश ओलांडणं आलंच. वाटेत खडकपूर्णासारखं धरणाचं पाणी दिसलं, तर एखादा दमलेला कुरव तिथे का टेकू नये? म्हणून हिवाळ्यात जलाशयावरचा प्रत्येक पांढरा पक्षी दुर्बिणीतून नीट पाहावा. या दिवसांत त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे काळपट डाग तेवढा उरतो. चोच नि पाय लाल, बुबुळ फिकट, आणि उडताना पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके चमकतात.

खरं नवल मात्र त्याच्या डोळ्यांच्या वर, कवटीवर दडलेलं आहे. तिथे मिठाच्या ग्रंथी असतात. त्या रक्तातलं जादा मीठ गाळतात आणि समुद्राच्या पाण्याहूनही खारट थेंब नाकपुडीतून चोचीच्या टोकाशी येऊन टपकतो. क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात हे उलगडलं. कुरवाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं समुद्राचं पाणी पाजलं, तर त्यातलं बहुतेक मीठ तीन तासांत बाहेर पडलं!

मग खारं लोणार त्याला मानवेल का? मला शंका आहे. त्या पाण्यात नुसतं मीठ नाही, सोडाही भरपूर आहे. आपल्या पापडखाराचाच भाऊबंद. शिवाय कुरवाला हवेत मासे, आणि या अल्कधर्मी पाण्यात ती मेजवानी कुठली? इथे रमतात ते शेकाटे आणि चक्रवाक. चक्रवाकही हिमालयापलीकडूनच येतात. २०२० मध्ये लोणार रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, त्यात पक्ष्यांचा वाटा मोठा.

दुसरी संधी पावसाळ्यात. वादळं फ्रिगेट, बूबी, सुरय असे खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर आणि कधी थेट आत जमिनीवर ढकलतात. असा थकलेला पक्षी शेतात सापडला, तर त्याला तळ्यात सोडू नका, चोचीत पाणी ओतू नका. हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.