सरकारी कंत्राट आणि सुरक्षेची अट

सरकार आपली सगळी कामे स्वतः करीत नाही. विमानाच्या सुट्या भागांपासून तो कारखान्यातल्या खानावळीपर्यंत कितीतरी कामे कंत्राटाने खासगी कंपन्यांकडे जातात, आणि कामाबरोबर कित्येकदा गुपितेही जातात. म्हणून कंत्राटात एक कलम असते : सुरक्षेच्या अटीत न बसणारा माणूस या कामावर ठेवू नये. शत्रूला नकाशे विकणारा माणूस तोफांच्या कारखान्यात असावा, असे आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांनाही वाटत नाही. प्रश्न वेगळा आहे. कलमावर सही होते सरकारची आणि कंपनीची. नोकरी मात्र जाते तिसऱ्याची. त्या तिसऱ्याला कारण कळावे की नाही?

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेत हा प्रश्न दोनदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

पहिला खटला एका विमान-अभियंत्याचा. नौदलाला माल पुरवणाऱ्या एका खासगी कंपनीत तो सरव्यवस्थापक होता. १९५३ साली सरकारने गुपिते पाहण्याचा त्याचा परवाना काढून घेतला, तेव्हा नोकरीही सुटली. वर्षाला १८,००० डॉलर मिळवणारा हा माणूस पुढे ४,४०० डॉलरवर नकाशे काढू लागला. त्याच्याविरुद्ध ज्यांनी माहिती दिली, ते त्याच्यासमोर कधी आलेच नाहीत. १९५९ साली न्यायालयाने सांगितले की, उलटतपासणीची संधी न देता अशा रीतीने माणसाचा रोजगार घालवण्याचा अधिकार अध्यक्षांनी वा काँग्रेसने संरक्षण खात्याला स्पष्टपणे दिलेला नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६० मध्ये, अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आदेश काढला : कंत्राटदाराच्या नोकराला लेखी कारणे द्यावीत, उत्तराची संधी द्यावी आणि काही अपवाद सोडून साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावेत.

दुसरा खटला एका स्वयंपाकिणीचा. वॉशिंग्टन येथील नौदलाच्या तोफांच्या कारखान्यात एक खासगी कंपनी खानावळ चालवीत असे. तेथे ही बाई सहा वर्षांहून अधिक काळ काम करीत होती. तिच्या कामाबद्दल तक्रार नव्हती. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी तिचा ओळखीचा बिल्ला काढून घेण्यात आला. ती सुरक्षेच्या अटीत बसत नाही, एवढेच कळले. तिच्या संघटनेचा मालकाशी करार होता की, योग्य कारणावाचून कोणाला काढू नये. संघटनेने सुनावणी मागितली. कारखान्याच्या नौदल अधिकाऱ्याने ती नाकारली.

१९६१ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती हरली. बहुमताचे म्हणणे असे की, जागा सरकारची आहे; बाईचा स्वयंपाकाचा धंदा बुडालेला नाही, फक्त एका ठिकाणचे काम गेले. मालकाने दुसऱ्या खानावळीत काम देऊ केले होते, ही गोष्ट खरी. पण ती जागा तिला गैरसोयीची होती. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मतात नेमके बोट ठेवले. मनमानी कारणासाठी तिला काढता येणार नाही, असे बहुमतही मानते. मग कारणच सांगायचे नसेल, तर ते मनमानी आहे की नाही हे कळणार कसे?

दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावे. गुपित कागद हाताळणाऱ्या वरिष्ठाला सुनावणीची वाट सापडली. चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला ती सापडली नाही. तिच्याजवळ गुपितांचा परवाना नव्हता, फाटकातून आत जाण्याचा बिल्ला तेवढा होता. जिचा गुपिताशी संबंध कमी, तिलाच संरक्षणही कमी, असा हा उलटा हिशेब झाला.

मुंबईच्या नौदल गोदीतही कंत्राटदाराचा माणूस पासावरच आत जातो, म्हणून ही हकीकत आपल्यालाही परकी नाही. पास नाकारण्याचा अधिकार सरकारला असावा. मात्र कंत्राटात आणि संघटनेच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते : गुपित न फोडता सांगता येईल तेवढे कारण लेखी मिळावे, निर्णय देणाऱ्याहून वेगळ्या अधिकाऱ्याकडे दाद मागता यावी, आणि निकाल लागेपर्यंत फाटकाबाहेर दुसरे काम किंवा पगार मिळावा. यांतल्या एकाही गोष्टीने शत्रूच्या हाती नकाशा पडत नाही. कामगाराच्या घरची चूल मात्र विझायची राहते.