कर्जफेड : कष्टाला हिशेबाची जोड

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार जमा होतो आणि दुसरा आठवडा उजाडेपर्यंत तो हप्त्यांच्या रूपाने निघूनही जातो, हा अनुभव शहरांतील असंख्य नोकरदार कुटुंबांना नवा नाही. घरासाठीचे कर्ज बहुधा चार जणांचा सल्ला घेऊन, विचारपूर्वक काढले जाते. क्रेडिट कार्डाची थकबाकी, बँकेचे वैयक्तिक कर्ज, फ्रिज किंवा मोबाईलसाठीचे हप्ते आणि अॅपवरून काही मिनिटांत मिळालेली उसनवारी यांचे तसे नसते. ही कर्जे एकेक करून, नकळत जमत जातात. ती डोईजड झाली की पहिला उपाय सुचतो तो जोडकामाचा. कुणी कार्यालय सुटल्यावर शिकवण्या घेतो, कुणी दुकानदाराचा जमाखर्च लिहून देतो, कुणी रात्री दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचवतो.

या कष्टांचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. तथापि वर्षभर दोन-दोन कामे करूनही कर्ज जागचे हललेले नाही, असेही अनेकदा घडते. कारण साधे आहे. कर्ज मिळकतीने फिटत नाही, ते शिलकीने फिटते. आणि ही शिल्लक ठरवून बाजूला काढून योग्य त्या कर्जाकडे वळवली नाही, तर ती वाढत्या खर्चात विरघळून जाते. म्हणूनच जोडकाम, घरचे अंदाजपत्रक आणि कर्जांचा क्रम या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

किमान रकमेचा सापळा

सर्वांत महाग कर्ज बहुधा क्रेडिट कार्डाचे असते. अनेक कार्डांवर थकबाकीला दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. वर्षाच्या हिशेबात ते ४२ टक्के होते. या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. म्हणजे थकबाकीवरचा खरा मासिक भार ४.१३ टक्के होतो. देयकावर मात्र ठळक दिसते ती ‘किमान देय रक्कम’. ती भरली की दंड टळतो आणि सारे सुरळीत आहे, असा भास होतो.

समजा, थकबाकी एक लाख रुपये आहे आणि किमान रक्कम तिच्या पाच टक्के, म्हणजे ५,००० रुपये आहे. त्यातले ४,१३० रुपये व्याज आणि करातच जातात. मूळ रक्कम कमी होते ती अवघ्या ८७० रुपयांनी. थकबाकी घटते तशी किमान रक्कमही घटत जाते. अशा रीतीने नुसती किमान रक्कम भरत राहिल्यास थकबाकी निम्म्यावर यायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तोवर सुमारे पावणेतीन लाखांवर रुपये भरून झालेले असतात आणि ५० हजार रुपये देणे शिल्लकच असते.

आता याच कर्जदाराने किमान रक्कम घटली तरी दरमहा ५,००० रुपयेच भरायचे ठरवले, तर सुमारे ४४ महिन्यांत खाते निरंक होते. हप्ता १०,००० रुपयांवर नेला, तर तेच काम १४ महिन्यांत होते आणि एकूण सुमारे एक लाख ३२ हजार रुपयांत कर्ज फिटते. हप्ता दुप्पट केल्यावर मुदत निम्मी होत नाही, ती एकतृतीयांशापेक्षाही खाली येते. याचे कारण असे, की किमान रकमेपलीकडचा प्रत्येक रुपया थेट मुद्दलातून वजा होतो. जोडकामाच्या कमाईचे खरे सामर्थ्य इथे आहे.

किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा देयकावर छापणे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक केले आहे. व्याजदराला मात्र तशी मर्यादा नाही. कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द ठरवला. तेव्हा या व्याजापासून सुटका करून घ्यायची, तर ती स्वतःच्या हिशेबानेच.

आणखी एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मागील थकबाकी बाकी असताना कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. थकबाकी फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवणे हेच श्रेयस्कर.

आधी यादी, मग अंदाजपत्रक

पहिले काम कागद-पेन्सिल घेऊन बसण्याचे. प्रत्येक कर्जाची शिल्लक मुद्दल, व्याजदर, मासिक हप्ता, उरलेले हप्ते आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क अशी पाच रकान्यांची यादी करावी. विसरलेली कर्जे आठवण्यासाठी पतअहवाल उपयोगी पडतो. सिबिलसह प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. नातेवाइकांकडून घेतलेली रक्कमही यादीत हवी. तिच्यावर व्याज नसले, तरी संबंधांचे मोल असते.

उदाहरणादाखल डोंबिवलीत भाड्याने राहणारे, ४८,००० रुपये हाती येणारे एक काल्पनिक कुटुंब घेऊ. त्यांचा खर्च असा : घरभाडे १२,०००, किराणा-दूध-भाजी आणि बाहेरचे खाणे १०,०००, मुलांचे शिक्षण ४,०००, लोकलचा पास व पेट्रोलसह प्रवास ३,०००, वीज-गॅस-फोन २,५००, औषधपाणी २,००० आणि वार्षिक खर्चाची तरतूद ३,००० रुपये. एकूण ३६,५०० रुपये. कर्जे तीन आहेत. कार्डाची थकबाकी ६०,००० रुपये असून किमान रक्कम ३,००० रुपये आहे. १६ टक्के व्याजाच्या वैयक्तिक कर्जाचे दीड लाख रुपये आणि ३६ हप्ते बाकी आहेत. हप्ता सुमारे ५,२७५ रुपये. दुचाकीच्या कर्जाचे ४०,००० रुपये बाकी असून १२ टक्के दराने १८ हप्ते सुमारे २,४४० रुपयांचे आहेत. सारे भरून झाल्यावर हाती उरतात जेमतेम ८०० रुपये. महिना तर सरतो, पण कर्ज हलत नाही.

अंदाजपत्रकातील वार्षिक तरतुदीचा रकाना अनेक घरांत नसतो आणि बहुतेक अंदाजपत्रके तिथेच कोसळतात. जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तके, गणवेश आणि रेनकोट, भाद्रपदात गणपती, आश्विनात दिवाळी, शिवाय विम्याचा हप्ता हे खर्च अचानक उद्भवणारे नव्हेत. त्यांची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. वर्षाची बेरीज करून तिला बाराने भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी. असे केले, की ऋण काढून सण साजरा करण्याची वेळ येत नाही. हाती उरणारे ते ८०० रुपयेही खर्ची न घालता आजारपण, दुरुस्ती अशा अडीअडचणींसाठीच्या गंगाजळीत टाकावेत; बोनस मिळाला तर त्यातलाही काही भाग तिच्यात जावा. गंगाजळी नसली, की पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा कपाटाबाहेर येते.

काटकसर करताना अन्न, औषध आणि शिक्षण यांना हात लावू नये. या कुटुंबाने बाहेरच्या खाण्यातून १,२००, न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या व अॅपच्या वर्गणीतून ६०० आणि रिक्षाऐवजी बस धरून ७०० रुपये वाचवले, तरी २,५०० रुपयांची शिल्लक पडते.

जोडकामाची निव्वळ कमाई

जोडकामात मिळणारी रक्कम आणि उरणारी रक्कम यांत मोठी तफावत असते. दुचाकीवरून पार्सल पोहोचवून महिन्याला ९,००० रुपये मिळाले, असे धरू. त्यातून पेट्रोलचे २,६००, टायर व दुरुस्तीचे ८०० आणि बाहेरच्या चहा-खाण्याचे ६०० रुपये वजा केले, तर उरतात ५,००० रुपये. रोज तीन तास, महिन्याचे २५ दिवस काम केल्यास तासाला पडले सुमारे ६७ रुपये, १२० नव्हेत. याच वेळात घरी दोन शिकवण्या घेणे किंवा मूळ नोकरीतच जादा काम मिळवणे अधिक किफायतशीर ठरते का, हे पडताळून पाहावे. वाहनाचा विमा केवळ खासगी वापरासाठी असेल, तर व्यावसायिक कामाच्या वेळी झालेल्या अपघाताचा दावा अडचणीत येऊ शकतो, याचाही विचार हवा.

मूळ नोकरीचा करार वाचणे तितकेच आवश्यक आहे. अन्यत्र काम करण्यास मनाई करणारे कलम अनेक करारांत असते. स्पर्धक कंपन्यांसाठीही काम करत असल्याच्या कारणावरून ३०० कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याचे विप्रो कंपनीच्या अध्यक्षांनी सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले होते. कर्ज फेडण्यासाठी धरलेल्या कामापायी मुख्य नोकरीच गेली, तर तेलही गेले आणि तूपही गेले, अशी गत व्हायची.

प्राप्तिकराचेही भान असावे. दोन ठिकाणी पगार घेणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही मालक प्रमाणित वजावट आणि करमुक्त मर्यादा स्वतंत्रपणे धरून कमी कर कापू शकतात. वर्षअखेरीस उत्पन्न एकत्र केल्यावर करदात्याला फरक भरावा लागतो. उगमकर वजा जाता १०,००० रुपये वा अधिक कर निघत असेल, तर आगाऊ कर भरणे आवश्यक ठरते. याउलट उत्पन्न करपात्र नसूनही मोबदल्यातून उगमकर कापला गेला असेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की जोडकामाचे पैसे घरखर्चाच्या खात्यात येऊच नयेत. ते वेगळ्या खात्यात घ्यावेत आणि आले त्याच दिवशी कर्जात भरावेत.

आधी कोणते कर्ज?

शिल्लक सर्व कर्जांत थोडी थोडी वाटणे हा न्याय दिसतो खरा, पण तो तोट्याचा आहे. सर्व कर्जांचे ठरलेले हप्ते भरून उरलेली सगळी शिल्लक एकाच कर्जावर लावावी. ते कर्ज सर्वाधिक व्याजाचे असावे, हे गणिताच्या दृष्टीने सर्वांत फायद्याचे. काहींना आधी सर्वांत छोटे कर्ज मिटवून उमेद मिळवणे सोयीचे वाटते. त्यात व्याज थोडे अधिक जाते; पण मध्येच धीर सुटण्यापेक्षा ते बरे.

डोंबिवलीच्या कुटुंबाने किमान रकमेचे ३,०००, काटकसरीचे २,५०० आणि जोडकामाचे ५,००० असे १०,५०० रुपये दरमहा कार्डावर भरले, तर ६०,००० रुपयांची थकबाकी सात महिन्यांत संपते. केवळ किमान रक्कम भरली असती, तर सात महिन्यांनंतरही ५६,००० रुपयांहून अधिक बाकी राहिली असती. पुढे मोकळे झालेले तेच १०,५०० रुपये वैयक्तिक कर्जाकडे वळवले, तर ते आणखी नऊ महिन्यांच्या आसपास फिटते. दुचाकीचे कर्ज आपल्या गतीने अठराव्या महिन्यात संपते. तीन वर्षांहून लांबणारे ओझे दीड वर्षात उतरते. मात्र त्यासाठी एक कर्ज संपताच सुटलेली रक्कम नव्या खरेदीकडे जाता कामा नये. मुदतपूर्व फेडीवर शुल्क किती, अंशतः फेड चालते का, हे बँकेला आधी विचारून ते हिशेबात धरावे.

जुने द्यायचे, नवे घ्यायचे

महाग कर्ज फेडण्यासाठी स्वस्त कर्ज घेणे शहाणपणाचे ठरू शकते. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे कर्ज किंवा सोनेतारण कर्ज यांचा दर कार्डापेक्षा बराच कमी असतो. ४२ टक्के व्याज भरत असताना त्याच्या अल्प अंशाने व्याज देणारी मुदतठेव सांभाळून ठेवण्यातही अर्थ नाही. मात्र रिकामे झालेले कार्ड पुन्हा वापरले, तर एकाची दोन कर्जे होतात. सोने गहाण ठेवताना ते सोडवण्याची तारीख अंदाजपत्रकात मांडलेली असावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्त कंपन्यांना नव्या किरकोळ कर्जांसाठी शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे विवरणपत्र ग्राहकाला द्यावे लागते. तुलना करायची ती त्या दराची, जाहिरातीतल्या दराची नव्हे.

थकलेल्या कर्जदारालाही हक्क

हप्ता चुकणार असे दिसताच बँकेशी स्वतःहून, लेखी संपर्क साधावा. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार वसुली प्रतिनिधींना सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी दूरध्वनी करता येत नाहीत. धमकावणे, नातेवाइकांपुढे मानहानी करणे हेही निषिद्ध आहे. बँकेकडे केलेल्या तक्रारीची दखल ३० दिवसांत न घेतली गेल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

थोडी रक्कम सोडून देऊन खाते मिटवण्याचा प्रस्ताव आकर्षक वाटतो. परंतु पतअहवालात ‘पूर्ण फेड’ आणि ‘तडजोड’ यांची नोंद वेगवेगळी होते आणि तडजोडीची नोंद पुढील कर्जाच्या वेळी आडवी येते. पूर्ण फेड केल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा, दुचाकीच्या नोंदणीवरील बँकेचा बोजा परिवहन कार्यालयातून उतरवून घ्यावा आणि काही आठवड्यांनी पतअहवाल पुन्हा पाहावा. कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज दिला आणि थकबाकी नसेल, तर सात कामकाजी दिवसांत ते बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यानंतर प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी ग्राहकाला ५०० रुपये भरपाई द्यावी लागते.

अखेरीस एक गोष्ट पैशांइतकीच महत्त्वाची. जोडकामाला शेवटची तारीख असावी. दोन कामांची धावपळ दीड वर्ष निभावते. झोप आणि प्रकृती गमावून ती वर्षानुवर्षे चालवली, तर औषधांचा खर्च सारी शिल्लक गिळून टाकतो. घरातील सर्वांना कर्जाचा आकडा आणि ही तारीख ठाऊक असली, की काटकसर एकट्यादुकट्यावर लादलेली राहत नाही. शेवटचा हप्ता भरल्यानंतरही तेवढीच रक्कम दरमहा बाजूला पडत राहिली, तर आजवर व्याज भरणारे कुटुंब व्याज मिळवू लागते. कर्जमुक्तीचा खरा लाभ तिथूनच सुरू होतो.