फारोख बुलसाराची संथ गाणी

पाश्चात्त्य संगीताचे नाव काढले की आपल्याकडच्या पुष्कळ जाणत्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. 'त्यात आहे काय? नुसता धांगडधिंगा!' असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. बरे, हा निकाल कशाच्या आधारावर? तर क्रिकेटच्या मैदानात नाहीतर शेजारच्या खोलीतून कानांवर आदळणाऱ्या दोन-चार गाण्यांच्या. एखाद्या परक्या माणसाने वरातीचा बँड ऐकावा आणि मराठी माणसाला गाणे कळत नाही असे लिहून टाकावे, त्यातलाच हा प्रकार.

खरे पाहता त्या संगीतात संथ गाण्यांचे एक मोठे दालन आहे. त्यांना 'बॅलड' म्हणतात. हा शब्द मुळात कथागीताचा. लढाया, दरोडेखोर, फसलेली प्रेमे यांची हकिगत गाऊन सांगायची, म्हणजे जवळजवळ आपला पोवाडाच. पुढे पॉप आणि रॉक संगीतात शब्द राहिला, अर्थ पालटला. आता बॅलड म्हणजे सावकाश लयीत, मनातले काही सांगणारे गाणे. नाव पोवाड्याचे आणि जीव भावगीताचा!

या दालनात शिरायला आपल्या ओळखीचे एक दार आहे. ते पाचगणीत आहे. पनवेलहून पुणे-वाईमार्गे जा, नाहीतर महाड-पोलादपूरवरून महाबळेश्वर चढून जा; दोन्ही वाटा पाचगणीला पोचतात. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत 1950 च्या दशकात झांझिबारहून एक पारशी मुलगा शिकायला आला. वय आठ वर्षे, आईवडील समुद्रापलीकडे. नाव फारोख बुलसारा. या शाळेत त्याचा हात पियानोवर बसला आणि बरोबरीच्या मुलांना घेऊन त्याने 'द हेक्टिक्स' नावाचे वाद्यवृंदही काढले. 1964 साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून 'क्वीन' या वाद्यवृंदाचा गायक झाला. 24 नोव्हेंबर 1991 रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सच्या आजारात तो गेला. अंत्यसंस्कार पारशी रिवाजाने झाले.

मैदाने दणाणून सोडणारी त्याची गाणी जगाला पाठ आहेत. ती मी सांगत नाही. त्या गाण्यांच्या सावलीत राहून गेलेली त्याचीच काही गाणी आपण ऐकावीत, एवढे माझे म्हणणे आहे.

आरंभ 'नेव्हरमोर'पासून करा. 1974 च्या 'क्वीन टू' या तबकडीवरचे हे गाणे सव्वा मिनिटाचे. चहाला आधण येईपर्यंत संपते. पियानो, आवाज आणि संपलेल्या प्रेमाची खंत, बस्स. त्याच वर्षीचे 'लिली ऑफ द व्हॅली' पावणेदोन मिनिटांचे. थोडक्यात सांगणे म्हणजे काय, हे या दोन गाण्यांवरून कळते.

मग 1976 चे 'यू टेक माय ब्रेथ अवे' घ्या. इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्या गाण्यात स्वरांची एकच वाट असते. आरतीला पन्नास माणसे उभी राहिली तरी सारी एकच चाल म्हणतात. तिकडे एकाच वेळी निरनिराळे आवाज निरनिराळ्या स्वरांवर उभे राहतात आणि त्यांचा मेळ बसतो. या गाण्यात समूहगान ऐकू येते, पण ते सारे आवाज एकट्या फारोखचे! एकदा गायचे, ते ध्वनिफितीवर घ्यायचे, मग त्यावर दुसरा पदर चढवायचा. एका माणसाने स्वतःच्याच साथीला उभे राहावे, असा हा प्रकार. एकलेपणाचे गाणे आणि समूहाचा आवाज, यांची ही गाठ मला फार बोलकी वाटते.

1977 चे 'माय मेलॅन्कली ब्लूज' याच्या अगदी उलट. इथे गिटार नाही, मागे कोणाचा आवाज नाही. रात्री उशिरा, गर्दी पांगल्यावर कोणी पियानोशी बसून स्वतःशी गुणगुणावे, तशी त्याची चाल आहे.

आणि 1978 चे 'जेलसी', म्हणजे मत्सर. यातली गिटार नीट ऐका. तिचा स्वर सतारीसारखा झणझणतो. वादक ब्रायन मे याने घोडीपाशी फेरफार करून तारेला ही झणझण आणली. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावतो, तिचेच हे भावंड म्हणा ना! म्हणजे आपल्या कानाला हे गाणे वाटते तितके परके नाही.

ही गाणी ऐकायची कशी? शब्द कळले नाहीत तर घाबरू नका. बंदिशीतले सगळे शब्द तरी आपल्याला कुठे कळतात? पहिल्यांदा आवाज कुठे चढतो, कुठे दबतो, तेवढे पाहा. दुसऱ्यांदा पियानोच्या डाव्या हाताकडे, म्हणजे खालच्या स्वरांकडे कान द्या. गाण्याचा पाया तिथे असतो. तिसऱ्यांदा घरातल्या मुलाला किंवा मुलीला अर्थ विचारा.

हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुले कानांत बोंडे घालून काय ऐकतात ते वडीलधाऱ्यांना ठाऊक नसते, आणि वडिलांच्या भावगीतात काय आहे हे मुलांना ठाऊक नसते. एकाच घरात दोन परकी गावे वसतात. 'कर्कश आहे, बंद कर' म्हटले की वेस बंद झाली. त्याऐवजी 'तुझ्याकडचे एखादे संथ गाणे लाव' म्हणून पाहा. ते लावील. मग एक आपण लावावे. गाणे आवडो न आवडो, पण तेवढा वेळ दोघे एकाच खोलीत बसून एकच सूर ऐकत असतील.